काडी टोचून बघणारा पाव्हणा

एका भल्या माणसाला मी दारातून खोटं सांगून परत पाठवलं होतं. तेही पाणी न विचारता, पण जमात विचारून. तेव्हा मी जेमतेम साठीची होते, म्हणजे अक्कल यायची होती. शाळेतून नुकतीच रिटायर झालेली, आणि आखाडा बाळापुरात आपल्याइतकं माणूस ओळखणारं कोणी नाही अशी पक्की समजूत. गावातले काही लोक हे वाचतीलच. त्यांनी आधी हसून घ्यावं, मग पुढं वाचावं.

ज्याच्यासाठी मी खोटं बोलले तो आमच्या माडीवरचा भाडेकरू. आफ्रिकेतल्या एका देशाचा. देशाचं नाव सांगत नाही, कारण त्याच्या माणसांना अजून तिथंच राहायचं आहे. हळदीचा अभ्यास करायला विद्यापीठानं त्याला आमच्या भागात पाठवलेलं. शिवारात हळद शिजत असली की हा सकाळपासून कढईपाशी, हातात काडी. शिजणाऱ्या हळकुंडात काडी टोचायची. सहज आत गेली तर म्हणायचं, "झाली." अडली तर, "न्हाई झाली." मराठी तो कढईवरच्या बायांकडून शिकला, त्यामुळे माझ्या शिकवणीचा त्याला काही उपयोग नव्हता. "न्हाई नव्हे रे, नाही म्हणावं," असं मी सांगे. तो मान डोलवून म्हणे, "व्हय बाई, आता न्हाई म्हणत न्हाई."

त्याचे हात महिना महिना पिवळे असत. बाया चिडवत, "पाव्हण्या, हळद तर लागली, नवरी कवा आणतो?"

"नवरी हाय. सात वर्साची पोरगी बी हाय. तुमीच उशिरा आल्या."

बाया तोंडात पदर कोंबून हसत.

अफवांच्या बाबतीत मात्र तो गावाला फार निरुपयोगी. अमक्याची सून माहेरी पळाली, तमक्यानं बांध कोरला, काहीही सांगा, हा विचारणार, "काडी टोचून पाह्यली का?" बहुतेक बातम्या कच्च्याच निघत.

माझी खोड उलटी. "आडनाव काय?" हा माझा पहिला प्रश्न. आडनावावरून उमगलं नाही तर दुसरा, "म्हणजे तुम्ही कोणापैकी?" हसू नका. तुम्हीही विचारता, फक्त जरा वळसा घालून. पाव्हण्यालाही मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुमच्या देशात तुम्ही कोणापैकी?" तो म्हणाला, "हळदवाल्यांपैकी." मी आठवडाभर रुसून होते.

मग त्याच्या देशात निवडणूक झाली. निकाल लागला आणि चार दिवसांत शेजारी शेजाऱ्याला मारायला लागला. आमच्या टीव्हीवर जळती दुकानं दिसली. रस्त्यात झाडं आडवी टाकून पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव विचारत होती. नावावरून जमात ओळखायची, मग सोडायचं की नाही ते ठरवायचं. हे मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं आणि मला स्वतःचं काहीसुद्धा आठवलं नाही. इतकी मी हुशार.

त्या संध्याकाळी त्यानं पहिल्यांदा सांगितलं. त्यांच्यात एक तळ्याकडचे आणि एक पहाडाकडचे. हा नि त्याची बायको तळ्याकडचे. पण बायको नोकरीपायी मुलीला घेऊन पहाडवाल्यांच्या गावात राहत होती, आणि तीन दिवसांपासून तिचा फोन बंद होता. हा गच्चीवर जाऊन दर दहा मिनिटांनी फोन लावी. चार भाकरी खाणाऱ्याच्या ताटात आता एकच वाढली तरी अर्धी उरू लागली. बाया कढई सोडून विचारायला येत, "लागला का फोन?" तो "न्हाई" म्हणून पुन्हा फोन लावी.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी दारात एक परका पोरगा उभा. पाव्हण्याच्याच देशाचा, पाठीला पिशवी, घामाघूम. मोडक्या हिंदीत म्हणाला, "हल्दीवाला विदेशी इधर रहता है?"

मी उंबऱ्यात उभी राहिले. "तुम कौन लोग? पहाडवाले की तालाबवाले?"

बिचाऱ्याला खोटं सुचलं नाही. "पहाड."

"वो इधर नहीं. परभणी गया."

"बहुत जरूरी बात है. नांदेड से आया हूँ, उसी को बोलना है."

"बोली ना, नहीं है!" मी दार लावलं, वर कडी घातली. पाव्हणा गच्चीवर फोन लावत होता. मला वाटलं, आज आपण एक खून टाळला.

तो खाली आला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सगळी हकिकत सांगितली. तो ऐकता ऐकता जिन्यातच थांबला.

"बाई, तो काहून आला होता?"

"जरुरी बात म्हणत होता. मी ऐकूनच घेतली नाही."

"माझी बायको पहाडवाल्यांच्याच गावात हाय, बाई. पहाडाकडचं माणूस मला हुडकत इथवर येतं..."

वाक्य अर्धं टाकून तो अनवाणीच स्टँडकडं पळाला. नांदेडची गाडी फाट्यावरही थांबते, म्हणून मी फाट्याकडं पळाले.

मी कशी पळाले ते बाळापूर अजून रंगवून सांगतं. एक चप्पल वाटेतच राहिली. फाट्यावरून गाडी हललीच होती आणि खिडकीत तो पोरगा. मी सरळ गाडीपुढं उभी राहिले.

ड्रायव्हर ओरडला, "ओ म्हातारे, मरायचं हाय काय?"

मला म्हातारी म्हणणारा तो पहिला माणूस, आणि निघाला माझाच विद्यार्थी. पण त्याचा समाचार घ्यायला वेळ नव्हता. मी गाडीत चढले.

"चलो नीचे. वो घर में हैच."

"आपने बोला, नहीं है."

"मैं झूठ बोली."

भरली गाडी ऐकत होती. खोटं बोलू नये म्हणून ज्यांना मी छड्या दिल्या, त्यांतले निदान चौघं तिथं होते. मागून एक जण म्हणाला, "बाई, जरा जोरात बोला, मागं ऐकू येऊन न्हाई राहिलं."

पाव्हणा स्टँडवरून हात हलवत परतला, आणि अंगणात दोघं समोरासमोर आले. पोरानं त्यांच्या भाषेत चार वाक्यं सांगितली आणि पाव्हणा होता तिथंच मातीत बसला. मला वाटलं, सगळं संपलं. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता रडायला.

झालं होतं असं. त्या पोराच्या आईनं, म्हणजे पहाडाकडच्याच बाईनं, पाव्हण्याची बायको आणि मुलगी आपल्या धान्याच्या कोठीत लपवली होती. पळापळीत बायकोचा फोन हरवला, नवऱ्याचा नंबर त्यातच. तिला आठवत होते दोनच शब्द, हळद आणि बाळापूर. आईनं नांदेडला शिकणाऱ्या लेकाला तेवढेच सांगितले आणि बजावलं, नवऱ्याशिवाय कोणाजवळ बोलू नको, कळलं तर आपलंही घर जाळतील. पोरगा विचारत विचारत माझ्या दारापर्यंत आला, आणि पुढं मी होते.

त्याच्या फोनवरून पाव्हणा बायकोशी बोलला. मग मुलीशी. तिची एकच तक्रार होती, इथं रोज नुसता घेवडा खायला घालतात.

नंतर कितीतरी रविवार तो पोरगा नांदेडहून येत राहिला. दोघं माझ्या ओट्यावर बसून फोन लावत. तळ्याकडच्यांचा निरोप पहाडाकडच्यानं पोचवायचा, पहाडाकडच्यांचा पाव्हण्यानं. कोण कुणाच्या घरात आहे, कोण शाळेत आसऱ्याला आहे, कुणाचा पत्ताच नाही. अमका मेला अशी बातमी आली की पाव्हणा आणखी दोन घरी फोन लावून खात्री करी. मेलेले दोघं असे जिवंत निघाले. तिसरा निघाला नाही. त्या रविवारी माझा स्वयंपाक तसाच राहिला.

मी चहा करत होते, आणि कोणाला काही विचारत नव्हते.

पुढचा हंगाम लागायच्या आत तो गेला. बायको-मुलगी तोवर त्याच्या आईकडं सुखरूप पोचल्या होत्या. माडीवर आता माझी नात अभ्यास करते. जिन्याच्या भिंतीवर त्याच्या बोटांचे पिवळे डाग आहेत, दोनदा चुना दिला तरी वर येतात.

निघायच्या दिवशी स्टँडवर मी त्याला म्हटलं, "पाव्हण्या, तुझ्या माणसाला मी दारातून हाकललं. ते काही माझ्या मनातून जात नाही."

गाडीच्या पायरीवर उभा राहून तो म्हणाला, "बाई, दार तुमी लावलं, अन् पळत बी तुमीच गेल्या. आमच्याकडं ज्यांनी दारं लावले, ते अजून आतच बसून हायेत."