इस्तारीचा टेंभा

टेंभ्यासाठी तेल आणायला गोकुळा घाण्यावर गेली, तेव्हा कुडाच्या पलीकडे दोघांची जुंपली होती. एक मंडईच्या जत्रेचा कारभारी गुणवंतराव, दुसरा दंडारीत बाईचं सोंग घेऊन नाचणारा रामाजी.

"टेंभ्याबिगर दंडार पाह्यली का कधी, गुणवंतराव?"

"चांद्यात वीज आली, तुमी अजून धुपटातच नाचा. दिवे सांगितले. भोंगाबी येऊन राह्यला."

"मंग इस्तारीले सांगा ना तसं."

"तुमीच सांगा. मैतर तुमचा."

"मी काऊन सांगू? कारभारी तुमी."

शेवटी कोणीच सांगायचं नाही असं ठरलं आणि भांडण मिटलं. मोठ्या माणसांची भांडणं अशीच मिटतात, तिसऱ्याच्या डोक्यावर.

इस्तारी गोकुळेचा नवरा, जातीचा ढिवर. एरवी इरई नदीत जाळं टाकायचा आणि दिवाळीनंतरच्या मंडईला चौकात दंडार उभी राहिली, की टेंभा धरायचा. धरायचा म्हणजे खांबासारखा उभा नाही. चौकाची रीत अशी, की ज्या बाजूनं टाळ्या जास्त, त्या बाजूला टेंभा पळायचा. उजेडामागं नाच्या, नाच्यामागं ढोलकी. मग अंधारात पडलेली दुसरी आळी चिडून थाळ्या बडवायची, की इस्तारी उलट्या पावलांनी तिकडं. डोंग्याचा काठ बडवला की मासा पळत जाळ्यात जातो, हे त्याला बापानं शिकवलं होतं. इथं माणसं बडवायची आणि मासा हा. पण त्याला ते गोड लागायचं. वर्षभर "ए ढिवरा" म्हणणारी माणसं तेवढ्यापुरती "इस्तारीभाऊ, इकडं या ना" म्हणायची.

गोकुळेनं घरी येऊन सगळं सांगितलं. तो टेंभ्याला चिंध्या गुंडाळता गुंडाळता हसला.

"विजेले कान असते का व? टाळी कोन ऐकन?"

"अवो, तुमाले बोलवाले आलं का कोनी?"

"दरसाली कोन येते? नको असतो, तर सांगाले आले असते."

नवरा भोळा असला की बाईला दोघांची अक्कल एकटीनं वापरावी लागते. पण ऐकणार कोण.

मंडईला चौकात दिवे लागले. रामाजीच्या भादरलेल्या मिशीचा हिरवेपणा दिसला, लुगड्याचं ठिगळ दिसलं. गोकुळेला वाटलं, लोक हिरमुसतील. कोणी हिरमुसलं नाही. सगळी तोंडं वर करून दिवेच बघत होती.

मधोमध इस्तारी पेटता टेंभा घेऊन उभा. त्या लख्ख उजेडात ज्योत दिसेना, नुसता धूर. एका कोपऱ्यातून कोणी गंमत म्हणून टाळी वाजवली. इस्तारी तिकडं धावला. दुसरीकडून वाजली, तिकडं धावला. मग चौकाला खेळच सापडला. दंडार राहिली बाजूला. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते आणि तो दरसालासारखाच मन लावून उलट्या पावलांनी पळत होता. गोकुळेनं पदर तोंडात कोंबला. कोणत्या टाळीला त्याला समजलं, देव जाणे. पण समजल्यावरही तो थांबला नाही, ते वाईट. टाळी वाजली की पाय जायचेच.

"इस्तारी, बस झालं," भोंग्यातून गुणवंतराव बोलला. "बाजूले हो, धूर होऊन राह्यला."

साऱ्या चांद्यानं ते ऐकलं. रामाजी मान खाली घालून नाचत राहिला.

पुढच्या मंडईच्या तोंडावर गुणवंतरावाचा सांगावा आला, दिव्यांच्या तारा टांगायला बांबू पाहिजेत. मंडईचे बांबू पहिल्यापासून इस्तारीच आणायचा. त्या साली त्याच्या छातीत दुखत होतं.

"त्याइचे हात मोडले का?" गोकुळा म्हणाली.

"मंडई काय त्याइची हाये?" तो म्हणाला आणि गाडी जुंपून निघाला. ते त्याचं शेवटचं काम. मंडई त्यानं पाहिली नाही.

त्यानं गाडीभर बांबू आणले. वाकडे बाजूला काढले, सरळ तेवढे चौकात पुरले आणि एकेक हलवून पाहिला.

"थोडे उंच पाह्यजे होते," गुणवंतराव पान चघळत म्हणाला.

"उंचच हाये, भाऊ," इस्तारी म्हणाला. दोर गुंडाळून त्यानं खांद्यावर टाकला आणि बैलांना घराकडे वळवलं.