विहिरीजवळची खुंटी

सकाळच्या गाडीने पुणे सोडले. चिंचवडला उतरलो तेव्हा फलाटावर यंत्रांच्या पेट्या रचलेल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत दोन म्हाताऱ्या भाजी निवडीत होत्या. नवा कारखाना उभा राहणार ती जागा पाहून वहीत टिपणे करून आणायची होती.

टांगा पिंपरीच्या अलीकडे थांबला. पुढे ज्वारीची शेते. त्यांतून लाल टोकाच्या खुंट्या ठोकल्या होत्या. मोजणीदार काम संपवून गेले होते. आता मुकादम माणसे लावून खुंटीपासून खुंटीपर्यंत चर (हद्दीची नाली) खणून घेत होता. चराच्या आतली जमीन कारखान्याची, बाहेरची मालकाची.

दुपारी काम गेनबा नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीपाशी आले. तेथली खुंटी विहिरीच्या कारखान्याकडच्या अंगाला होती. म्हणजे विहीर बाहेर, गेनबाचीच राहत होती.

"सुटलास की गेनबा! पान तरी खिलव," मुकादम म्हणाला.

गेनबा हसला नाही. "थांबा राव. खुंटी हितं नव्हती."

कडब्याची पेंढी घेऊन येणारी त्याची बायको जागीच थांबली.

"कालवड बांधली व्हती तिला. कालवडीनं खुंटी उपटली. मग हिनं उचलून हितं ठोकली."

"मला काय ठावं? लाकडाचा तुकडा त्यो," बायको म्हणाली.

मुकादमाने आवाज उतरवला. "मग ऱ्हाऊ दे की. आता कोण बघाया येतंय?"

"गावातले बांधाचे तंटे माझ्याम्होरं येत्यात. सरकवलेला धोंडा मी लोकांना माघारी लावाया सांगतो. उद्या कंच्या तोंडानं सांगू?"

"आन् पाणी कुठनं आणू?" बायकोने विचारले.

गेनबा घराच्या बाजूला वळला. विहीर ओलांडून तो दहा पावले गेला आणि पायाच्या अंगठ्याने वाळके शेण बाजूला केले. खाली खुंटीचे भोक तसेच होते.

मुकादमाने खुंटी त्यात बसवली. आता विहीर चराच्या आत, कारखान्याकडे गेली. कुदळी पडू लागल्या. बायको घरात गेली आणि घागरी, कळशा, हंडे, शेवटी ताकाचा डेराही विहिरीवर घेऊन आली. एकेक भरून ती पलीकडे नेऊन ठेवू लागली. मध्येच तिने मला तांब्या दिला. पाणी गार आणि गोडे होते.

संध्याकाळच्या गाडीत वही उघडली. पेट्या, खुंट्या, चर यांची नोंद होती. भोकाची नव्हती. ते दोन बोटे रुंद होते. गेनबाने शेण सारले नसते, तर मीही त्यावरून चालत गेलो असतो.