जुनी चकती टाकावी

सिल्वासातल्या आमलीच्या कारखान्यांच्या पाठीमागे खोल्यांची एक लांबलचक चाळ आहे. तिथे चिंधा राहतो, असं म्हणण्यापेक्षा झोपतो म्हणणं जास्त खरं. रात्रभर सूत कारखान्यात मशीनींच्या रांगांमधून फिरायचं, तुटलेला धागा पकडून जोडायचा, सुतानं भरलेली बॉबिन काढून रिकामी लावायची, आणि उजाडलं की डोळे चोळत बाहेर पडायचं. साक्रीकडून सिल्वासाला आला तेव्हा त्याला धड मिसरूड फुटलेलं नव्हतं. आता मिशीत पांढरं दिसायला लागलं. मधली सगळी वर्षं कुठे गेली असं कुणी विचारलं, तर तो हसून म्हणेल, धाग्यात गेली.

त्याची बायको सरुबाई मसाटला पॅकिंगच्या कामाला जाते. तिची दिवसपाळी, ह्याची कायमची रातपाळी. तो आला की ती निघणार, ती आली की तो निघणार. एकाच खोलीतली दोन माणसं, पण एकाला दुसऱ्याची ओळख पटायची ती उशीवरच्या खळग्यावरून. नवराबायकोची खरी गाठ पडायची ती मोटरसायकलवर. पाळी सुटली की चिंधा तसाच घराकडे येई, चाळीच्या तोंडाशी हॉर्न वाजवी, सरुबाई डबा घेऊन मागे बसे, आणि आमली ते मसाट एवढ्या रस्त्यात दोघांचा संसार उरकायचा.

आणि काय संसार व्हायचा! मागे बसणाऱ्याला पुढच्याचं तोंड दिसत नाही, त्यामुळे बोलायला धीर येतो. घरात मुकी असणारी सरुबाई गाडीवर बसली की तिला कंठ फुटे. सुपरवायझर कसा वचावचा बोलला, तुरीला यंदा शेंग कशी लागली, बहिणीच्या सासूनं काय दिवे लावले. चिंधा अर्धा झोपेत, अर्धा जागा. थंडीत वाटेतल्या समरवरणीपाशी रस्त्यावर धुकं साचलेलं असे, ताडाची झाडं नुसत्या शेंड्यांनी वर तरंगत, आणि त्याच्या उजव्या कानाशी तिचा आवाज चालू असे. दिवसातली तेवढी वाट त्याला फार आवडायची. खरं सांगायचं तर तेवढ्या वाटेसाठीच तो रात्रभर धागे जोडायचा.

गाडी जुनी, लाल रंगाची. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलेलं. सरुबाई तिला सवत म्हणायची, पण सवतीच्या सीटवर कव्हर मात्र तिनंच शिवून घातलेलं.

एका सकाळी सरुबाई मागे बसली ती गप्पच. मसाट जवळ आलं तशी म्हणाली, "तुम्हले एक सांगानं शे माले."

"सांग ना."

तेवढ्यात इंजिनाच्या डोक्यातून टक टक असा आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग कुणी आतून दार ठोठावतंय इतका मोठा. गाडी दोन आचके देऊन थांबली. सरुबाई उतरली, मागून आलेल्या शेअर रिक्षात चढली, आणि जाताना एवढंच म्हणाली, "घरमा नही. गाडी चालू व्हयनी का गाडीवर सांगसू."

झालं! चिंधाच्या मनाला तेव्हापासून भुंगा लागला. घरात सांगता येत नाही असं काय असतं?

मसाट नाक्यावरच्या कल्पेशनं गाडीला कान लावला. कल्पेश गॅरेजवाला म्हणून चांगला; हात साफ, तोंड गोड. पण त्यानं पाना खाली ठेवला. "काका, हेड खोलना पडेगा. पण आ मॉडेल मैंने कभी खोल्या नथी. कौन सा बोल्ट पहले, कितना टाइट, उसकी कंपनीनी चोपडी होती है. चोपडी लावो, कल करी आपुं. बिना चोपडी खोलूं और हेड में तड पडे, तो गाडी गई भंगार में."

गाडीबरोबर मिळालेलं छोटं पुस्तक चिंधानं जपून ठेवलं होतं. त्यात हेल्मेट घाला, हवा तपासा, आणि काही बिघडलं तर अधिकृत केंद्राशी संपर्क साधा, एवढा उपदेश. खरं पुस्तक वेगळंच. ते गाडीच्या कारखान्याचं. त्यात इंजिनाची आतडी न् आतडी दाखवलेली असतात म्हणे. आता पाहा, गाडी तुमची, घाम तुमचा, पंक्चर तुमचं, पण तिच्या पोटात काय आहे ते विचारायचं नाही. कंपन्यांची ही रीत आपल्या तरी गळी उतरत नाही.

चिंधा शोरूमला गेला. काउंटरवरची मंजुषा चांगली मुलगी, गावाकडून आलेल्या माणसाला उभं ठेवून बोलत नाही. तिनं खुर्ची दिली. "काका, ते मॅन्युअल आमच्या मेकॅनिकसाठी असतं, बाहेर देत नाहीत. वरून मागवता येतं, पण किंमत ऐकाल तर ह्या गाडीच्या भंगारातही वसूल व्हायची नाही. आणि इथे दुरुस्त करावी म्हणाल, तर एवढं जुनं मॉडेल आता आमच्याकडे घेत नाहीत." पण त्याचा पडलेला चेहरा बघून तिनं पडदा थोडा त्याच्याकडे वळवला. "नुसतं बघा हवं तर."

पडद्यावर चित्र होतं. इंजिन उघडून मांडलेलं. पण जमिनीवर नाही, हवेत. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक चकती, प्रत्येक दांडा आपापल्या जागेवरून सुटून थोड्या अंतरावर तरंगत होता, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत बारीक तुटक रेघ. कोण कुठला, कोणाच्या शेजारी कोण, सगळं त्या रेघांवरून कळत होतं. चिंधा पाहतच राहिला. मागे गिऱ्हाईक आलं, मंजुषानं पडदा वळवला, चित्र गेलं.

गेलं म्हणजे पडद्यावरून गेलं. त्याच्या दिवसाच्या झोपेत ते रोज यायला लागलं. खिडकीवर चादर बांधून, पिवळट अंधारात तो पडायचा, आणि मसाटचा रस्ता डोळ्यांपुढे उघडायचा. धुक्यात ताडाचे शेंडे, आणि त्यांच्याही वर त्याची लाल गाडी, सुट्टी सुट्टी होऊन टांगलेली. चाक इकडे, टाकी तिकडे, कुठलाच आवाज नाही. रेघांच्या शेवटी कधी त्याचं साक्रीकडचं घर असायचं, कधी कारखान्याची बॉबिन. एकदा एका रेघेच्या टोकाला सरुबाई डबा घेऊन बसलेली दिसली. ती ओठ हलवत होती, पण ऐकू येत नव्हतं. तो त्या रेघेवरून तिच्याकडे जायला निघाला, तर रेघ तुटकच. दोन तुकड्यांच्या मधे पाय कुठे ठेवायचा ते त्याला समजेना. जागा झाला तेव्हा सरुबाई कामावरून यायची वेळ झाली होती, आणि त्याची जायची.

त्याच आठवड्यात शेजारच्या रजनीनं सहज म्हणून सांगितलं, "भाऊ, सरुबाई साक्रीच्या बसचं विचारी ऱ्हायनी होती. एकली जावानं म्हने."

 घरी चिंधा विचारायला गेला, पण सरुबाईनं पोळीचा डबा त्याच्या हातात दिला आणि पाळीची वेळ झाली. चिंधा मनातून ओळखून चुकला. बाई गावी निघाली, कायमची. आणि ते सांगायला तिला गाडी हवी आहे. मग गाडी बंदच राहिलेली बरी नाही का? छे! न ऐकलेलं ऐकण्याची त्याला जेवढी भीती वाटत होती, तेवढीच कानाशी तिचा आवाज नाही ह्याची आग होत होती. गाडी चालू करायचीच, मग ती काय बोलायची ते बोलो.

चाळीच्या पुढे सरकारी क्वार्टर आहेत. तिथले दत्तात्रय सर शाळेत मराठी शिकवतात, मूळचे चिपळूणचे. त्यांच्याकडेही कधीकाळी हीच गाडी होती, त्या नात्यानं चिंधाला बघून ते थांबत. सगळं ऐकून सर म्हणाले, "अहो, ह्या गाडीच्या मालकांचा एक ग्रुप आहे फोनवर. सगळे तुमच्यासारखेच, पुस्तकाला पारखे. कुणाला एक पान मिळतं, कुणाला दुसरं. विचारतो थांबा."

कोल्हापूरच्या कुणा भल्या माणसानं हेडच्या पानाचा फोटो पाठवला. त्याच्याकडे पुस्तक कुठून आलं ते त्यानं सांगितलं नाही, ह्यांनीही विचारलं नाही. पान इंग्रजीत, आणि पानाच्या खालच्या ओळींवर फोटो काढणाऱ्याचा भला मोठा अंगठा. सरांनी चष्मा लावून जेवढं दिसलं तेवढं शुद्ध मराठीत करून दिलं. कोणता बोल्ट आधी, कोणता नंतर, किती आवळायचा. शेवटची दिसणारी ओळ त्यांनी सावकाश उच्चारली, "बोल्टखालची जुनी तांब्याची चकती टाकावी." त्यापुढे अंगठा.

चिंधानं ते सगळं मंत्रासारखं पाठ केलं.

कल्पेशनं हेड खोललं. आतला सैल झालेला तुकडा बदलला, चेहरा खुलला त्याचा. बोल्ट परत लावायला घेतले आणि त्यानं पाकिटातून नव्या चकत्या काढल्या, तसा चिंधानं त्याचा हात धरला.

"नवी नको. कंपनीनं पुस्तकमा लिखेल शे. जुनीच टाकानी."

"जुनी?" कल्पेश बघत राहिला. "हम तो हमेशा नवी नाखते हैं, काका."

"चोपडी चोपडी तूच करी ऱ्हायनता ना? आते चोपडी सांगस."

चोपडीपुढे कल्पेश काय बोलणार! त्यानं खांदे उडवले. चिंधानं जुन्या चकत्या रुमालात बांधून घरी नेल्या. चिंच आणि मीठ लावून घासल्या तशा त्या देव्हाऱ्यातल्या ताम्हणासारख्या लखलखल्या. सरुबाई दारातून बघत होती. तो आपल्याच तंद्रीत होता. केवढी शहाणी कंपनी, त्याला वाटलं. नवी आणायला सांगत नाही. इतकी वर्षं एका बोल्टखाली दबून दबून जिनं आपली जागा केली, तीच पुन्हा तिथे टाका म्हणते. त्याचे डोळे उगाचच भरून आले. पाळीला जाण्याआधी त्यानं कल्पेशकडून त्याच चकत्या बसवून घेतल्या.

दुसऱ्या सकाळी चाळीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. सरुबाई धावतच आली. पदर खोचलेला, डबा हातात. मागे बसली. गाडी निघाली ती मखमलीसारखी, टकटक नाही की काही नाही. धुकं होतं, ताडाचे शेंडे होते. चिंधाला वाटलं आपण त्या चित्रातूनच चाललोय, आणि सगळे भाग आपापल्या जागी येऊन बसलेत. उजव्या कानाशी श्वास आला.

"आते सांगू?" सरुबाई म्हणाली.

"सांग," तो म्हणाला, आणि त्यानं हँडल घट्ट धरलं.

"हाई काय शे?" तिचा आवाज एकदम बदलला. "मन्हा पाय!"

तिच्या पायावर, लुगड्याच्या काठावर काळं गरम तेल उडत होतं. इंजिनाच्या डोक्यावरून सगळीकडून झिरपत होतं. समरवरणीच्या पुढे गाडी कडेला घेतली. चिंधानं रडवेल्या तोंडानं सरांना फोन लावला.

"सर, तुम्ही सांगितलं तसंच केलं. जुनी चकती टाकली, तरी तेल गळतंय!"

"जुनी टाकलीत ना? मग नवी कोणती बसवलीत?"

"नवी कशाला? जुनीच टाकली ना! घासून, चकचकीत करून!"

 पलीकडून सरांचा आवाज आला, खजील आणि हसू दाबलेला. "अहो चिंधा... टाकावी म्हणजे फेकून द्यावी हो! मीच मेला फेकावी म्हणायला हवं होतं."

फोनचा आवाज मोठा होता. सरुबाईनं सगळं ऐकलं. आधी तिनं पदर तोंडाला लावला, मग ती रस्त्याच्या कडेला चक्क खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. शेअर रिक्षा आली, आतल्या बायकांनी हाका मारल्या, "चाल ना सरुबाई, हाफ डे लागी!" तिनं हातानंच जा म्हटलं.

मग दोघं गाडी ढकलत कल्पेशच्या गॅरेजकडे निघाली. तो हँडलला, ती मागून. रोज भुर्रकन संपणारी वाट आज संपता संपत नव्हती. धुकं विरत होतं. बरंच चालल्यावर मागून तिचा आवाज आला.

"बहीण बलाई ऱ्हायनी. गावले ये म्हने, दोन्ही मिळी शेती करूत. मी हो म्हननार होतू." ती थांबली. "आठे कोनसाठे ऱ्हावानं? घरमा तुम्ही झोपेल. गाडी बंद पडनी तवय पाह्यं तर तुम्हले गाडीच दिखस, मी दिखतच नही."

चिंधानं मागे वळून पाहिलं नाही. वळला असता तर तिला पुढचं बोलता आलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं.

"मी बी जुनीच शे आते," ती म्हणाली. "माले बी टाकशात का?"

आपल्याकडे टाकलेली बाई म्हणजे काय, हे सांगायला कुठलं पुस्तक लागत नाही. चिंधाचे पाय जागच्या जागी थांबले. आणि तरी त्याला हसू फुटलं.

"टाकसू ना," तो म्हणाला. "रोज सकायले. मागला सीटवर."

 गाडी एकदम हलकी झाली. ती जोरानं ढकलत होती.

कल्पेशनं बोल्ट काढले, नव्या चकत्या बसवल्या, आणि "चोपडी, चोपडी" म्हणत हसत राहिला. जुन्यांतली एक चकती सरुबाईनं उचलली. कालच्या चिंचेनं ती अजून चमकत होती. तिनं ती तळहातावर धरून पाहिली, बहिणीला फोन लावून "नही येस मी" एवढंच सांगितलं, आणि चकती समोरच्या गवतात टाकली.

म्हणजे फेकली.