दोन्ही बाजूंचा श्रीधर

श्रीधरला वैकुंठ स्मशानभूमीत नेलं त्या सकाळी नातेवाइकांच्या मागे माणसांचे दोन घोळके उभे होते. एक डावीकडे, पांढऱ्या टोप्या आणि कडक इस्त्रीचे शर्ट घातलेल्यांचा; दुसरा उजवीकडे पाण्याच्या टाकीपाशी, कारखान्याच्या निळ्या गणवेशातल्या बायका-पुरुषांचा. मध्ये चांगलं अंतर होतं आणि दोन्हीकडचं कुणी पलीकडे बघत नव्हतं. डावीकडचे दत्तूअण्णा माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “ताई, आमचा मानूस गेला.” ते परतले तशी उजवीकडून रेखा आली, माझा हात हातात घेऊन तिनं जवळजवळ तेच म्हटलं, “आमचे सर गेले जी.” मी दोघांनाही मान हलवली. श्रीधर माझा मावसभाऊ, लहानपणापासूनचा मित्र. पण तो नक्की कुणाचा होता, हे त्या सकाळी मला सांगता आलं नसतं. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले, आणि खरं म्हणजे आजही नीट सांगता येणार नाही.

श्रीधर नगररचनाकार. नारायण पेठेतल्या आमच्या मावशीच्या घरी तो लहानपणी अंगणात खडूनं रस्ते आखायचा आणि आम्हा सगळ्यांना त्या रस्त्यांवरूनच चालायला लावायचा. पुढे त्याच विषयात शिकला, नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर घरी बसेल तर शपथ. कात्रजच्या पलीकडची काही गावं शहरात सामील झाली होती. पुढच्या पिढीचं शहर तिथे कसं वाढायचं, रस्ते कुठून, शाळा कुठे, मैदान कुठे, याचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला होता आणि त्यावर लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या होत्या. त्यातल्या एका गावात श्रीधर स्वतःहून जायला लागला. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून एकमेकांसमोर उभी आहेत.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. तेवढ्या भांडवलावर त्यानं मला बरोबर घेतलं. विश्रांतवाडीहून कात्रजपर्यंत जायचं म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. मी कुरकुरायचे, तर म्हणायचा, “अगं, शहर केवढं झालंय ते बघायला तरी चल.” गावच्या समाजमंदिरात तो सतरंजीवर नकाशा पसरायचा आणि लोकांना त्यावर अक्षरशः उभं करायचा. “अण्णा, तुमचं घर शोधा. आता घरातून शाळेत जा. रस्ता कुठे ओलांडलात?” माणसं आधी लाजायची, मग भांडायची, मग कुणीतरी म्हणायचं, “सर, ही विहीर इथं न्हाय, अलीकडं हाय,” आणि श्रीधर इतका खूश व्हायचा की जणू विहीर त्यालाच सापडली. आराखड्यातला मोठा रस्ता गावठाणाच्या मधून जात होता. त्यात शाळेचा एक भाग जाणार होता, जुनी तालीम जाणार होती आणि दत्तूअण्णांच्या घरासकट एक अख्खी आळी जाणार होती. लोक हादरले होते. बैठका झाल्या, बायकांच्या वेगळ्या झाल्या, त्या मी घेतल्या. शेवटी गावानं एकमतानं ठरवलं की रस्ता थोडा वळवून ओढ्याच्या बाजूनं न्यावा, तिकडे कुणाची घरं नाहीत. श्रीधरनं ती सूचना स्वतः लिहून दिली. त्या संध्याकाळी गावानं आम्हाला पिठलं-भाकरी खाऊ घातली. “नीलू, बघितलंस? विचारलं की लोक उत्तर शोधतात,” तो परतताना म्हणाला. इतकं समाधानी मी त्याला फार कमी वेळा पाहिलंय.

पुढे सुनावणीसाठी ओढ्याकडच्या जागेचे फोटो हवेत म्हणून तो एका रविवारी एकटाच तिकडे गेला. आधी पाहणी केली ती कामाच्या दिवशी, भर दुपारी. तेव्हा तिथे पत्र्याच्या शेडची लांबलचक रांग दिसली होती, सगळ्या दारांना कुलपं. गोदामं असतील असं त्यानं धरलं, मीही धरलं, आणि गावात कुणी दुरुस्त केलं नाही. रविवारी ती दारं उघडी होती. दोऱ्यांवर कपडे वाळत होते, पोरं खेळत होती, कुणी दारात बसून केस विंचरत होतं. यवतमाळ, वाशीमकडून कामासाठी आलेली ती कुटुंबं. भाड्याच्या खोल्यांत राहणारी, दिवसपाळीला कारखान्यात जाणारी. काही जण तिथे इतकी वर्षं होते की त्यांची मुलं गावच्याच शाळेत शिकत होती. खोल्यांचा मालक आमच्या प्रत्येक बैठकीला हजर होता. त्याला मोबदला मिळणार होता, तो मान डोलवत राहिला. त्यांच्यातली रेखा एका पॅकिंगच्या कारखान्यात काम करते. तिनं श्रीधरला पाहुणा समजून बसायला खुर्ची दिली, चहा दिला. आणि श्रीधरनं तो चहा घेतला... आपण कशासाठी आलोय ते न सांगता.

तिथून तो तडक माझ्याकडे विश्रांतवाडीला आला. कॅमेऱ्यात एकही फोटो नव्हता. “मी त्या बाईच्या घरावरून रस्ता काढलाय आणि तिच्या हातचा चहा पिऊन आलोय,” म्हणाला. मी म्हटलं, “तू नाही काढलास, गावानं काढलाय.”

दत्तूअण्णांना त्यानं सांगून पाहिलं. त्या वेळी मी होते. अण्णा वाईट माणूस नाही, हे मुद्दाम लिहिते. ते म्हणाले, “सर, ती भाड्यानं ऱ्हात्यात. आज हितं हायत, उद्या दुसरीकडं खोली घेतील. आमी कुठं जायाचं? आमची तर हितंच नाळ पुरलीय.” रेखालाही श्रीधरनं अखेर खरं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “बैठकी झाल्या तं आमाले कावून नाही बोलावलं जी?” रस्ता आणखी पलीकडे सरकवला तर तो टेकडीवर चढत होता, आणि टेकड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून श्रीधरनं उमेदीची सगळी वर्षं घालवलेली. तो रोज नवी रेघ मारायचा आणि रोज खोडायचा. सुनंदावहिनी, म्हणजे त्याची बायको, मला फोनवर म्हणाली, “घरातलं टेबल आता ह्यांच्या नकाशांना दिलंय. आम्ही जमिनीवर जेवतो. शहराचं एकदा ठरलं की आमचं बघू.”

सुनावणीच्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसले होते. गावाच्या वतीनं तो उभा राहिला आणि त्यानं सूचना वाचली. इतकी नेटकी मांडली, शाळा, तालीम, आळी असं एकेक समजावून सांगितलं, की दत्तूअण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पुढे त्याचं स्वतःचं नाव पुकारलं गेलं. त्यानं वैयक्तिक हरकत नोंदवली होती. मलाही माहीत नव्हतं. तो पुन्हा उभा राहिला आणि ओढ्याकडचा रस्ता का नको, ते तितक्याच नेटकेपणानं सांगू लागला. समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ चष्मा काढून म्हणाले, “अहो, आपणच आत्ता हे मागितलंत ना?”

“हो. ते गावाचं म्हणणं होतं, मी वाचलं. हे माझं आहे.”

“मग आम्ही नक्की कोणतं धरायचं?”

“दोन्ही धरा,” श्रीधर म्हणाला.

सभागृहात हशा पिकला. दत्तूअण्णा मात्र उठले आणि निघून गेले, त्यांच्या मागे सगळं गाव. मीसुद्धा चिडले होते. रिक्षात मी त्याला विचारलं, “तू आहेस कुणाच्या बाजूचा?” सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाला, “मला वाटायचं, सगळ्यांना विचारलं की झालं. पण सगळे म्हणजे कोण... ते कुणी ठरवायचं गं?” मी भूगोलाची बाई. मला प्रश्न कळला, उत्तर नाही.

त्यानंतर गावानं त्याला बोलावणं बंद केलं. खोल्यांतल्या लोकांनाही तो धड आपला वाटेना, कारण पहिला कागद त्यानंच लिहिला होता. त्याला मी अधूनमधून भेटत होते. बोलायचा, हसायचा, पण मधेच एखादं वाक्य अर्धं सोडून द्यायचा. एका सकाळी अंघोळीहून आला, खुर्चीत बसला आणि गेला. हृदयविकार. त्यानं केलं ते बरोबर केलं का? गावाचा विश्वास त्यानं मोडला, हे खरं. पण गप्प बसला असता तर? हे मी स्वतःला सारखी विचारते आणि आठवड्यागणिक माझं उत्तर बदलतं.

दिवसकार्य झाल्यावर दत्तूअण्णांचा फोन आला. समाजमंदिरात शोकसभा ठेवली होती. “ताई, चार शब्द बोला. सर रागावले आसतील, पर शेवटी आमच्याच बाजूचे हुते, येवढं सांगा. निकाल अजून लागायचाय.” दोन दिवसांनी रेखाचा फोन आला, सर आपल्या बाजूचे होते असं तिलाही लिहून हवं होतं, एका अर्जासाठी. मी तिला म्हटलं, “रविवारी समाजमंदिरात सभा आहे. तिथे ये.” असं का म्हटलं, कुणाला विचारून म्हटलं, ते मला सांगता येत नाही.

सभेत श्रीधरच्या फोटोला हार घातला होता. मी उभी राहिले आणि सुनावणीत तो जे दोनदा बोलला ते दोन्ही, आठवेल तसं, सांगितलं. मग म्हटलं, “तो कुणाच्या बाजूचा होता ते मला माहीत नाही. त्यालाही माहीत होतं असं वाटत नाही.” तेवढ्यात सगळ्यांचं लक्ष दाराकडे गेलं. रेखा आणि तिच्याबरोबरची माणसं उंबऱ्याबाहेर उभी होती, चपला न काढता, कधीही परत फिरता येईल अशी. दत्तूअण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. मग ते मान वळवून, जरा घुश्शातच म्हणाले, “उन्हात का उभं ऱ्हायलाय? आत या की.”

ती माणसं आत आली, सतरंजीच्या कडेला बसली. पुढे गोड काही झालं नाही. कुणीतरी रस्त्याचं नाव काढलं आणि भांडण पेटलं. आवाज चढले, जुने हिशेब निघाले, खोल्यांच्या मालकाला दोन्हीकडून बोलणी बसली. श्रीधरचा फोटो आहे याचं कुणाला भान उरलं नाही. मग मागून एक जण वैतागून ओरडला, “सर आसते तर काय म्हनले आसते?”

दत्तूअण्णा रेखाकडे हात करून म्हणाले, “थांबा, म्हनले आसते. आदी त्यांना नकाशावर त्यांचं घर दाखवू द्या.”

त्याच क्षणी रेखा म्हणाली, “पयले या गाववाल्यायची शाळा कुठं जाते थे पाहू, असं म्हणले असते.”

दोघंही एकदमच बोलले आणि एकदमच थांबले. मी एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिले. मला दोन्ही उत्तरं श्रीधरची वाटली.