तीन स्क्रीन आणि एक मान

"मॅडम, ते तिन्ही स्क्रीन तपासा. स्क्रीन चांगले असतील, तर मग मला माणूस बदलायला लागंल."

अण्णांचा फोन आला तेव्हा मी नाशिकमध्ये एका दवाखान्यातल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होते. माझा धंदा कॉम्प्युटर बसवायचा आणि ते बिघडले की बोलणी खायचा. अण्णांचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस आहे. मुंबईत कुणाच्या तरी टेबलावर त्यांनी तीन मॉनिटर पाहिले आणि आपल्याकडेही तसेच हवेत म्हणून हट्ट धरला. हंगामाच्या पूजेला मीच ते लावून दिले होते.

बदलायचं ते माणूस म्हणजे दीपाली. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर लेबल लागतं, ते काढायचं काम तिचं. माल कोणत्या प्लॉटचा, म्हणजे कोणाच्या कोणत्या बागेतला, हे त्यावरून कळतं. नंबर चुकीचा गेला तर अख्खा कंटेनर अडकू शकतो. एका जुनाट स्क्रीनवर दीपालीचं काम बिनचूक चालायचं. तीन आले आणि ती चुकायला लागली. पॅकिंगच्या बायकांनी चुका जागच्या जागी पकडल्या म्हणून निभावलं, पण अण्णांचा धीर सुटला होता.

मी गेले. स्क्रीन ठणठणीत होते. कडेला पूजेचं हळदकुंकूही तसंच होतं. दीपालीचा चेहरा मात्र पार उतरलेला.

"काम येतं मला, मॅडम," ती हळूच म्हणाली. "पण इकडं बघावं तर तिकडं कायतरी हलतं."

मी शेजारी खुर्ची ओढून बसले. मधल्या स्क्रीनवर लेबल. उजवीकडे पॅकहाउसच्या ग्रुपचे मेसेज, सारखे वाजणारे. डावीकडे पॅकिंग हॉलचे कॅमेरे. हा डावा स्क्रीन म्हणजे गावचा टीव्ही झाला होता. टेम्पोवाले आपली गाडी खाली होतेय का ते बघायला आत येत. चहावाल्या मावशी हॉलमधली सून काम करतेय की गप्पा मारतेय ते बघून जात. आणि सगळ्यात मोठे प्रेक्षक खुद्द अण्णा. मागे उभं राहून ते दीपालीला कधी हा कोपरा मोठा करायला लावत, कधी तो. ती लेबल सोडून कोपरा मोठा करायची. परत वळेपर्यंत कोणता प्लॉट चालू होता ते डोक्यातून गेलेलं असायचं.

मला अण्णांचा रागच आला. पण करता काय? खरं सांगितलं तर गिऱ्हाईक जाणार, नाही सांगितलं तर दीपाली जाणार. मी अण्णांना म्हटलं, स्क्रीनमध्ये दोष सापडत नाही, तुम्हीच बसून चार लेबलं काढून बघा. आणि दीपालीला बाजूला घेऊन सांगितलं, अण्णा मागे उभं राहून जे करतात ते आता तू कर.

मला वाटलं, मालकासमोर ही कसली तोंड उघडते. पण बाई तयारीची निघाली.

"अण्णा, तो कोपरा मोठा करा की."

अण्णांनी केला. तेवढ्यात मेसेज वाजला, तो वाचला. टेम्पोवाला आत आला, त्याला गाडी दाखवली. मग घाईघाईने लेबल काढलं. मेव्हण्याच्या द्राक्षांवर अण्णांनी स्वतःच्या बागेचा नंबर चढवला होता.

अण्णांनी ते लेबल चुरगाळलं. मग खुर्चीतून उठले आणि दीपालीला म्हणाले, "बस बाई तुझ्या जाग्यावर. लय अवघड काम हाय हे."

दीपाली हसली. मला इतकं हायसं वाटलं की मावशींचा पाकासारखा गोड चहाही मी निमूट प्यायले.

दोन स्क्रीन मी तिथेच ठेवले. एकावर आलेल्या मालाची नोंद, शेजारी लेबल. पूर्वी तिला एक विंडो झाकून दुसरी उघडावी लागायची, आता दोन्ही समोर. तिचं काम आधीपेक्षाही भरभर व्हायला लागलं. मेसेज ती एक प्लॉट संपला की बघते. स्क्रीन कितीही लावा, मान एकच असते. एकाच कामाचे दोन स्क्रीन तिला झेपतात, तीन कामांचे तीन नाही.

कॅमेऱ्यांचा स्क्रीन अण्णांनी हौसेने आपल्या केबिनमध्ये लावून घेतला. आठवडाभरात त्यांचा फोन.

"मॅडम, हा स्क्रीन काढून न्या. सकाळपासून एक काम झालं नाय माझं."

"स्क्रीन चांगला आहे, अण्णा," मी म्हटलं. "माणूस बदलून बघा."