बाबांचा उत्तरपक्ष

गाडी डोंबिवलीत मानपाड्याच्या नाक्यावरून वळेपर्यंत बाबा भर दुपारच्या उन्हात रस्त्यातच उभे होते. हात हलवायचा असतो हे त्यांच्या लक्षातच आलं नसावं. आई मात्र शेवटपर्यंत सूचना देत होती, लोणच्याची बरणी उभीच ठेव वगैरे. मी टोरांटोला निघाले होते आणि मनात म्हणत होते, नशीबवान आहे मी, घरातून कुणाचाच विरोध नाही.

विरोध का नव्हता हे सांगायचं तर कॉलेजपासून सुरुवात करावी लागेल. ठाण्याला मी तत्त्वज्ञान घेऊन बीए केलं. नातेवाईक विचारायचे, त्याने काय होतं? खरं सांगू, मलाही माहीत नव्हतं. पाठ केलेले सिद्धांत परीक्षेनंतर विसरले. राहिली ती सरांची एक शिस्त. वर्गात कुणाचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी त्याची बाजू आपण मांडायची, इतकी चोख की त्यानेच म्हणावं, हो, मला हेच म्हणायचं होतं. हा पूर्वपक्ष. मग आपलं उत्तर, तो उत्तरपक्ष.

बाबा एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर होते. मी हे घरी सांगितलं आणि त्यांना ते भलतंच आवडलं. त्यांनी तो घरचा कायदाच करून टाकला. टीव्हीवर काय लावायचं, गणपतीला गावी कधी निघायचं, काहीही असो, आधी समोरच्याची बाजू मांडा. आई वैतागायची. आमटी खारट झालीय, तिचा कसला पूर्वपक्ष, म्हणायची.

मला टोरांटोची ॲडमिशन मिळाली तेव्हा जेवताना विषय निघाला. मी भांडायच्या तयारीत बसले होते. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि माझी बाजू मांडायला घेतली. इथे या विषयाला नोकरी नाही, तिथे शिकून काहीतरी उभं राहील. आता नाही गेले तर ते जन्मभर मनात राहील, आणि आईबाबा डोळ्यांसमोर आहेत म्हणून ती हुरहूर काही कमी होणार नाही. मलासुद्धा इतकं नेमकं सुचलं नसतं. शेवटी त्यांनी विचारलं, "हेच ना तुझं म्हणणं?"

मी हो म्हटलं आणि आनंदाने रडायलाच लागले. आई ताटं गोळा करायला उठली. बाबांनी आपलं अर्धवट ताट तिच्याकडे सरकवलं आणि ते हात धुवायला गेले.

शिक्षण संपल्यावर मी टोरांटोलाच राहिले; इथे विमा कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी बघते. ग्राहकाची बाजू आधी नीट मांडते म्हणून मॅनेजर कौतुक करतो. कॉलेजच्या मित्रमैत्रिणींपैकी जे तिथेच राहिले ते म्हणतात, सुटलीस. जे माझ्यासारखे बाहेर पडले ते वीकेंडला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमतात आणि डोंबिवलीच्या खड्ड्यांच्याही आठवणी प्रेमाने काढतात.

आई गेली आणि बाबा एकटे पडले. परवा फोनवर मी हट्टच धरला, इकडे या. ते म्हणाले, "आधी माझा पूर्वपक्ष मांड बघू."

मी मांडला. तिथे संध्याकाळी खालच्या कट्ट्यावर तुमची वाट बघणारी माणसं आहेत. इथे मी कामावर गेले की खिडकीतून बर्फ बघत दिवस काढायचा. आईची भांडी तिथे आहेत, ती ठेवायची तशीच लावलेली.

बाबा खूश झाले. "अगदी हेच गं. पटलं ना तुला? मग झालं तर."

झालं नव्हतं. माझं उत्तर तयार होतं. मला तुम्ही हवे आहात, एवढंच ते होतं. पण त्यांचा आवाज इतका हलका झाला होता की मला ते बोलवेना. हो बाबा, म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हा मला हात धुवायला उठलेले बाबा आठवले.

त्या दिवशी त्यांनी फक्त पूर्वपक्ष मांडला होता. त्यांना पटलंय असंच मी धरून चालले आणि उत्तर विचारायचं राहूनच गेलं. परीक्षेत पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांतला फरक लिहून मला चांगले मार्क मिळाले होते. आता घर म्हटलं की मला मानपाड्याचा फ्लॅट आठवत नाही. जेवायला बसलेले आम्ही तिघं आठवतो. मी रडते आहे, आई ताटं उचलते आहे, आणि बाबांची बोलायची पाळी अजून यायची आहे.