यासीनचाचांचं वाइंडिंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर दुकानात कोण आलं, कोण काय बोललं, हे रोज जेवताना सांगितल्याशिवाय मला घास जात नाही. सगळं सांगतो, हे एक सोडून. वीस वर्षं तर सहज उलटली. आता सांगून काय होणार, असं तुम्ही विचाराल. काही होणार नाही. पण बसा जरा.

मी गाड्यांचा वायरमन. नाशिकला द्वारका चौकाजवळ माझं दुकान — बॅटरी, सेल्फ, हॉर्न, लाइट, वायरिंग. इंजिनाला मी हात लावत नाही, ते मेस्त्रीचं काम. गाडीतली वीज तेवढी माझी. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझं नाव जोरात होतं. निफाडकडून लोक गाडी घेऊन यायचे. दिनकरने बॉनेट उघडलं की फॉल्ट आपल्या पायांनी बाहेर येतो, असं बोलायचे, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. खरं सांगू? कान टवकारून ऐकायचो. डोक्यात हवा जाते ती अशीच जाते.

आणि यासीनचाचा. जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागे एका बोळात त्यांचं वाइंडिंगचं दुकान. गाडी चालू असताना बॅटरी भरत राहते ती अल्टरनेटरमुळे, आणि अल्टरनेटरच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. ती जळली की जुनी तार काढून नवी भरायची — ते काम चाचांचं. चष्मा हा एवढा जाड. पण चाचा डोळ्यांनी काम करतच नव्हते हो. तार बोटांतून सोडायचे, डोळे मिटून, आणि तारेवरचं वार्निश कुठं उडालेलं असलं की बोट बरोबर तिथं थांबायचं. हे मी शंभर वेळा पाहिलंय. हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं. काम पुरं झालं की शेवटच्या गाठीला पिवळा दोरा बांधायचे, तीच त्यांची सही. टेस्ट लॅम्प कसा धरायचा हे मला त्यांनीच शिकवलं.

आमच्या धंद्यात एक खोड आहे. फॉल्ट सापडला नाही की "वाइंडिंग गेलंय" म्हणायचं. गिऱ्हाईक काही आत डोकावून बघणार नसतं. वाइंडिंगवाला बसलेला दूर, आपल्या बोळात — तो काय साक्ष द्यायला येणार आहे? सगळे वायरमन म्हणायचे. मीही म्हणायचो. आणि चाचा हसून परत भरून द्यायचे, बोलायचे काही नाहीत. गरीब गाय म्हणतात ना, तसं. तोवर त्यात कुणाचं वाईट झालं नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

मग त्र्यंबकच्या एका गुरुजींची गाडी आली. यजमानांना नाशिकहून न्यायला-आणायला त्यांनी जुनी डिझेल गाडी घेतली होती. तक्रार अशी, की चार्जिंगचा लाल दिवा मधूनच लागतो, मधूनच जातो, आणि सकाळी गाडी ढकलावी लागते. माझ्या दारात मात्र सगळं व्यवस्थित. मीटर लावला की काटा जिथं हवा तिथं. हे असलं दुखणं फार वाईट. कायमचं बिघडलेलं शेंबडं पोरही शोधेल. पण पोराला दवाखान्यात नेलं की ताप उतरतो आणि घरी आणलं की चढतो — त्याला काय कराल?

गुरुजींनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्र्यंबकला जाताना अंजनेरीच्या पुढं चढाला दिवा लागतो, उतरताना कधी लागत नाही. आणि ॲक्सिलरेटर हल्ली जड लागतो. झालं! सगळा फॉल्ट त्या दोन वाक्यांत होता. मी ऐकलं का? छे. पूजा सांगणारा माणूस मला गाडी काय शिकवणार! ॲक्सिलरेटर माझ्या खात्यातला नाही म्हणालो, केबलला चार थेंब तेल सोडलं आणि अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बदलून गाडी दिली. आठ दिवसांत गाडी परत. मग अल्टरनेटरमधले कार्बनचे ब्रश बदलले, ते झिजतात म्हणून. परत. मग अल्टरनेटर उतरवून चाचांकडे धाडला. त्यांनी नवं वाइंडिंग भरलं, मी बसवलं, आणि दहाव्या दिवशी गुरुजी पुन्हा दारात.

त्या दिवशी दुकानात चार-पाच जण होते. टॅक्सीवाले, शेजारचा टायरवाला. भर रस्त्यात यजमानांना गाडी ढकलावी लागली होती, म्हणून गुरुजी तापलेले. आवाज मात्र चढवला नाही त्यांनी. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, की दिनकरशेठ, सापडत नसेल तर सापडत नाही असं सांगा ना सरळ.

सापडत नाही. दोन अक्षरी शब्द होता म्हणायचा — "नाही, गुरुजी." म्हटला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? पण ते चार जण माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी — नेहमीचं "वाइंडिंग गेलंय" म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. थांबलो नाही. मी म्हणालो, "काय सांगू गुरुजी, चाचांना आता दिसत नाही."

कुणाला खोटं वाटलं नाही. तो चष्मा सगळ्यांनीच पाहिलेला होता. टायरवाला च्‌ च्‌ करून म्हणाला, वय झालं बिचाऱ्यांचं. मीही मान हलवली. आणि हलकं वाटलं मला, हे पण सांगतो. अंगावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं की हलकंच वाटतं.

चाचांनी ते वाइंडिंग पुन्हा उसवून नव्यानं भरलं. तरी दिवा लागला. तिसऱ्यांदा भरलं. या वेळी चार दिवस घेतले, एक-एक वेढा मोजून. तरी दिवा लागलाच. तोवर गावभर झालं होतं. गॅरेजच्या लाइनीत बातमी पोचायला वेळ लागतो का? यासीनचाचांची नजर गेली, काम सातपूरच्या नव्या पोराकडे द्या. एकेकानं हात आखडला. मी कुणाला थांबवलं नाही.

फॉल्ट सापडला तो असा. भर दुपारी, दुकानात कुणी नव्हतं. गुरुजींनी जाताजाता पुन्हा सांगितलं होतं की ॲक्सिलरेटर आता अडकायलाच लागलाय. वैतागून केबल उपसून काढली, तर तिच्यावरचं प्लास्टिक आतून वितळलेलं. मी तसाच उभा राहिलो. केबल का वितळेल? तिच्यातून वीज गेली तरच. आणि वीज तिथून का जाईल? तिचा स्वतःचा रस्ता तुटला तरच.

खाली वाकून बघितलं. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते, अर्थिंगची. वीतभर लांब. काळ्या चिखलात बरबटलेली. पुसली, तर मधोमध तुटलेली — दोन-चार धाग्यांवर लोंबत होती. चढावर जोर लागला की इंजिन कलायचं, टोकं सुटायची, दिवा लागायचा. उतारावर टोकं परत चिकटायची. एवढंच. गुरुजी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते. वाइंडिंगचा त्यात काडीचा संबंध नव्हता. तरी अल्टरनेटर उघडून बघितला. आत पिवळा दोरा जागच्या जागी, वेढे असे बसलेले की नख शिरणार नाही.

मग मी काय केलं? धावत भद्रकालीला गेलो असेन, असं वाटतंय ना तुम्हाला? नवी पट्टी बसवली. नवी चमकते म्हणून तिला थोडं काळं ग्रीस फासलं. जुनी ड्रॉवरमध्ये टाकली. आणि संध्याकाळी गुरुजींना सांगितलं, की शेवटी वाइंडिंग दुसरीकडून करून घेतलं.

दिवा परत लागला नाही. गुरुजी पेढे घेऊन आले. बापडे भले गृहस्थ — त्र्यंबकला जो भेटेल त्याला सांगत सुटले की वाइंडिंगवाला बदलला आणि गाडी सुधारली. त्यांच्या तोंडून गेलेलं कोण खोटं मानणार? पेढा मी खाल्ला.

महिन्याभरानं चाचा स्वतः दुकानात आले. माझ्याकडे ते कधी येत नसत, मीच जायचो. रिक्षानं आले होते, हातात फडक्याचं गाठोडं. सोडलं — त्यात त्यांची लाकडी पाचर, वेढे बसवायच्या बांबूच्या पट्ट्या, टेस्ट लॅम्प आणि पिवळ्या दोऱ्याचं रीळ. मला वाटलं, भांडायला आले. मनातून मी तेच मागत होतो. भांडले असते तर मीही चार शब्द ऐकवले असते, निभावून नेलं असतं. चाचांनी माझा हात हातात घेतला.

"दिनकर बेटा, माझ्यामुळं तुझं नाव खराब झालं. तीनदा भरलं, तिन्ही वेळा मला बरोबरच वाटलं. बोटांना कळलंच नाही बघ. माफ कर मला."

ड्रॉवर माझ्या गुडघ्याशी होता. पट्टी त्याच्यात. हात लांब करायचा, बाहेर काढायची, त्यांच्या हातात ठेवायची — डोळे मिटूनसुद्धा ओळखली असती त्यांनी. तुटकी बाजू चाचपून सगळं समजले असते.

मी म्हणालो, "होतं चाचा. वय झालं की होतं."

त्यांनी मान हलवली. हत्यारं तू वापर म्हणाले, चहा घेतला आणि गेले. दुकान त्याच महिन्यात बंद झालं. त्यांचा मुलगा पुढं भेटला तेव्हा सांगत होता, अब्बा घरी तारेचा तुकडा घेऊन बसतात, बोटांतून फिरवतात आणि सुनेला विचारतात, इथं वार्निश उडालंय का गं बघ. ती म्हणते, हो अब्बा, बरोबर सांगितलंत. तर त्यांना वाटतं ती मन राखायला बोलते.

सहा-सात वर्षांनी गेले. जनाज्याला मी खांदा दिला. मुलगा गळ्यात पडून रडला. अब्बा म्हणायचे, एवढं नुकसान झालं पण दिनकर मला एका शब्दानं बोलला नाही. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होतो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी नांदगावची एक जीप आली. लाल दिवा. अल्टरनेटर उघडला तर आत पिवळा दोरा, मळून तपकिरी झालेला. फक्त ब्रश झिजले होते, तार जशीच्या तशी. जीपवाला वाकून बघत होता. कुणाचं काम हो हे, म्हणाला, बारा वर्षं झाली, हूं की चूं नाही. नाव ओठांवर आलं होतं. असेल कुणा जुन्या माणसाचं, म्हणालो आणि झाकण लावलं.

पट्टी अजून ड्रॉवरमध्ये आहे, रिळाच्या शेजारी. गुरुजींच्या गाडीचं वाइंडिंग चांगलं होतं. तिन्ही वेळा चांगलं होतं.